सटवाजी चौगुल्याचं पेव

सरका जरा, पुढे या. हुंकार देणार असाल तरच सांगतो. ज्याला झोप येत असेल त्यानं आत्ताच उठून जावं, मधेच घोरलेलं मला खपत नाही. आणि ही हसायची गोष्ट नाही, तेही आधीच सांगून ठेवतो.

फार फार वर्षांमागची गोष्ट. आपल्या पणज्या अजून पाळण्यात होत्या की जन्मल्याही नव्हत्या, देव जाणे. सावरगव्हाण तेव्हाही इथंच होतं, ओढा इथंच होता, आणि पाऊस तेव्हाही आपल्या मर्जीनं यायचा. त्या गावात राहीबाई नावाची एक विधवा राहत होती. तिची पोटची लेकरं एका दुष्काळात गेली. अन्नाविना गेली हो! आणि तीही भरल्या गावात. शेजारच्या घरांत कणग्या होत्या, कणग्यांत दाणे होते, पण ज्याचे दाणे त्याला. राहीबाईनं दारोदार पदर पसरला, आणि ज्यानं त्यानं आपापल्या लेकरांकडे बोट दाखवलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

पुढं पाऊसपाणी बरं झालं. राहीबाई रडत बसली नाही. ओढ्याकाठी तिचं चांगलं काळं रान होतं. त्यात ती बैलाच्या बरोबरीनं राबली, आणि आलेला जोंधळा विकला नाही, खाल्लाही नाही म्हणा ना, भाकरीपुरता ठेवला. बाकीच्यासाठी तिनं चावडीमागच्या पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, एक पेव खोदून घेतलं.

पेव म्हणजे काय, ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. जमिनीच्या पोटातली धान्याची खोली. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत घागरीसारखं मोठं पोट. आतून शेणामातीनं सारवायचं, कडब्याचं अस्तर द्यायचं, जोंधळा ओतायचा, तोंडावर दगड आणि दगडावर चिखल लिंपायचा. वारा लागला नाही तर धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण बंद पेव उघडून लगेच आत उतरलात, तर वर येणार नाही. आतली हवा माणूस मारते. म्हणून तोंड बराच वेळ उघडं टाकायचं आणि मग दोरीनं दिवा सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर थांबायचं.

राहीबाईचा काळ जवळ आला तेव्हा तिनं तिघांना बोलावून घेतलं. एक हैबतराव पाटील, गावाचा धनी. दुसरा भिकोबा गुरव, देवळाचा पुजारी. आणि तिसरा सटवाजी चौगुला. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा माणूस, पाटील नसेल तेव्हा गावकी सांभाळणारा. सटवाजी स्वभावानं गायीसारखा गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, कधी कुणाला वाकडा शब्द नाही. त्याला फक्त एक गोष्ट जमत नसे. समोरच्याला ‘नाही’ म्हणणं.

राहीबाईनं तिघांच्या हातांवर बेलभंडार ठेवला आणि म्हणाली, “माझं रान आन् माझं पेव तुमच्या हवाली करती. पर नीट ऐका. ह्यो दाना तुमचा न्हाई. गावाचा न्हाई. देवाचाबी न्हाई. ज्या लेकराला आईबाप न्हाई, त्याचा हाय. दर वरसाच्या पाडव्याला पेव उघडा, दिवा सोडा, खाली उतरा, दान्यात हात घाला. रानातला नवा दाना वता. डोळ्यांनी बघा, मगच तोंड लिंपा.”

तिघांनी शपथ घेतली. आणि रीत अशी ठरली, की तोंडावरचा चिखल ओला असतानाच तिघांनी आपापल्या उजव्या हाताचा पंजा त्यावर उठवायचा. पंजा उठवला म्हणजे साक्ष दिली, की मी उतरलो होतो, मी बघितलं, दाणा जागेवर आहे. गावानं चिखलावर तीन पंजे बघितले की गाव निश्चिंत.

राहीबाई गेली. जाताना तिनं सटवाजीचाच हात धरला होता, असं म्हणतात.

पहिली काही वर्षं सारं रीतीनं झालं. सटवाजी स्वतः दोरीनं उतरायचा, कोपरापर्यंत हात जोंधळ्यात खुपसायचा, आणि वर येऊन बायकोला सांगायचा, “ठमे, राहीबाईचं पेव काठोकाठ हाय बघ.” ठमाबाई म्हणायची, “लेकरांचं नशीब.” त्या वर्षांत गावात पोरकं असं कुणी नव्हतंच. दाणा काढायची वेळ आली नाही. आणि खरं सांगू? तिथंच घात झाला. ज्याचा धनी समोर उभा राहून मागत नाही, त्या धान्यावर सगळ्यांचाच डोळा जातो.

पाटलाच्या लेकीचं लगीन निघालं. जत्रा भरेल एवढी पाहुणेमंडळी आली. पाटील म्हणाला, “गावाच्या अब्रूचा सवाल हाय. थोडा दाना काढू, सुगीला परत टाकू.” पुढच्या साली भिकोबा गुरव म्हणाला, “देवाचा भंडारा हाय, सारं गाव जेवणार, त्यात पाप कसलं?” राहीबाईनं ‘देवाचाबी न्हाई’ असं त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं. पण देवाचं नाव निघाल्यावर कोण तोंड उघडतो! पाटील मूग गिळून बसला. सटवाजीला तर मूग गिळायची सवयच होती.

मग एका पाडव्याला सटवाजी पेवापाशी गेला, तर तोंड बंद. दगड बसवलेला, चिखल लिंपलेला, आणि त्यावर दोन पंजे उठलेले. पाटील उपरण्यानं वारा घेत बसला होता. म्हणाला, “सकाळी गड्यांनी उघडलं हुतं. दिवा विझला रं. हवा लई खराब. तुझा जीव धोक्यात कशाला घालायचा? नवा दाना वरनंच वतला. ये, उठव पंजा.”

सटवाजी उभा राहिला. पायाखाली जमीन होती, आणि त्यानं सहज टाच आपटली. पेव भरलेलं असलं की जमीन मुकी असते. ती मुकी नव्हती. पोकळ घुमली. शेजारी चार जोंधळे सांडलेले होते, गाडीच्या चाकोऱ्या होत्या, आणि त्या पेवाकडून पाटलाच्या घराकडे गेल्या होत्या. आंधळ्यालाही दिसल्या असत्या.

तो म्हणाला, “पाटील, एकदा बघितलं असतं तर...”

पाटील हसला. “म्हंजी आम्ही खोटं बोलतू?”

एवढंच. शिवी नाही, दम नाही. ‘आम्ही खोटं बोलतू?’ आणि सटवाजीला भीड पडली. त्याला वाटलं, आज नाही तर उद्या भरतील. त्याला वाटलं, आपण बोललो तर पाटलाचा पाणउतारा होईल. त्याला काय काय वाटलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण त्यानं बाही सारली आणि ओल्या चिखलावर हात दाबला. पंजा सुरेख उठला. घरी आला तर ठमाबाईनं विचारलं, “काठोकाठ हाय न्हवं?” तो म्हणाला, “हाय की.” आणि जेवला नाही.

पुढच्या पाडव्याला त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्याच्या पुढच्याला तर पाटलानं हाक मारायच्या आधीच तो हात धुऊन तयार होता. सवय लागते माणसाला.

मग तो दुष्काळ आला. तसला पुन्हा झाला नाही, होऊही नये. एक साल पाऊस हुलकावणी देऊन गेला, दुसऱ्या साली ढगसुद्धा आला नाही. ओढा आटला, झाडांची साल माणसांनी खाल्ली. पाठोपाठ पटकीची साथ आली, आणि तिनं घराघरांतून कर्ती माणसं उचलून नेली. जी लेकरं उरली त्यांना ना आई ना बाप. राहीबाईचा दाणा ज्यांचा, ते धनी आता गावभर हिंडत होते.

त्यात भागू नावाची एक पोर होती. कडेवर तिचा लहान भाऊ, गेनू. पोर इतकी वाळलेली, की कुणी कुणाला उचललंय ते कळू नये. गावातल्या म्हाताऱ्या लेकरांना म्हणाल्या, “रडू नगा रं. तुमच्यासाठी राहीआईनं पेव ठेवलंय.” सगळी लेकरं पेवाभोवती येऊन बसली. गावही जमलं. पाटील ‘आज नको, मुहूर्त नाही’ म्हणून टाळू लागला, गुरव पोथी शोधू लागला. तेव्हा गावानंच पहारी घातल्या, चिखल फोडला आणि दगड बाजूला केला.

तोंड उघडं टाकून लोक ताटकळत बसले. मग दिवा सोडला. दिवा खाली खाली गेला, जळत राहिला, आणि त्याच्या उजेडात पेवाचा तळ दिसला. काळा कुजका कडबा. बाकी काही नाही.

लोकांनी पाटलाकडे बघितलं, पाटलानं गुरवाकडे बघितलं, गुरवानं आभाळाकडे. भागू मात्र फुटलेल्या चिखलाची खापरं बघत होती. त्यातल्या एकावर सटवाजीचा पंजा अख्खा राहिला होता. त्याच्या करंगळीचं पेर लहानपणी विळ्यानं गेलं होतं, त्यामुळे तो पंजा पोरंसुद्धा ओळखत. तिनं ते खापर उचललं, सटवाजीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, “आबा, तुमी बघितलं हुतं का?”

रागानं नाही हो. तिला खरंच वाटत होतं की आबानं बघितलं असेल, आणि दाणा कुठं गेला ते आबा सांगेल. सटवाजीनं ‘व्हय’ म्हणावं तर चोर, ‘न्हाई’ म्हणावं तर खोटी साक्ष दिलेला. तो मान खाली घालून घरी गेला. घरात होता नव्हता तो दाणा त्यानं आणि ठमाबाईनं लेकरांपुढं ओतला. किती पुरणार? त्याच आठवड्यात गेनू बहिणीच्या कडेवरच गेला. ती पोर त्याला तशीच घेऊन फिरत होती, खाली ठेवत नव्हती. लोकांनी मोठ्या मिनतवारीनं तो काढून घेतला.

त्या दिवसापासून सटवाजीच्या उजव्या हातावर चिखल दिसू लागला, असं म्हणतात. ओला, पेवावर लिंपतात तसला. धुतला की जायचा आणि पुसायच्या आत परत यायचा. त्यानं वाळूनं घासला, विळ्यानं खरवडला, रक्त आलं, रक्तावर पुन्हा चिखल. घास उचलला की घासाला मातीची चव. ठमाबाई भरवू लागली तर त्यानं तोंड फिरवलं. शेवटी ती माउली कडाडली, “अवं, मला तरी खरं सांगायचंत! मी पाटलाच्या दारात जाऊन बोंब मारली असती. तुमास्नी पाटलाची भीड वाटली, आन् त्या लेकरांची कशी न्हाई वाटली?”

सटवाजी म्हणाला, “लेकरं समोर न्हवती, ठमे. पाटील समोर हुता.”

मग तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि पेवापाशी आला. गावादेखत दोर बांधला. म्हणाला, “बघायला यायला उशीर झाला. आता उतरतो. लेकरांपुरता दाना ह्या गावात निघाल्याबिगर वर येनार न्हाई.” आणि भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तो रिकाम्या पेवात उतरून बसला.

त्यानंतरचं जे आहे, ते तुम्ही खरं माना नाहीतर मानू नका. मी सांगायचं काम करतो.

पेव होतं चावडीमागं, पण सटवाजीचा आवाज गावभर जमिनीखालून येऊ लागला. सगळ्यांच्या घरी नाही. ज्या घरात दाणा दडवलेला होता, त्याच घरात. बाई जात्यावर बसली, खुंट्याला हात घातला, की जात्याच्या खालून आवाज यायचा, “बघितलंस का?” जातं थांबलं की आवाज थांबायचा. कुणाच्या चुलीखालून यायचा, कुणाच्या कणगीच्या बुडातून. मोठ्यानं नाही, दटावून नाही. भागूनं विचारलं होतं तसाच साधा. बायकांनी जाती सोडली. ज्यांच्याकडे पायली होती त्यांनी शेर आणला, ज्यांच्याकडे शेर होता त्यांनी ओंजळ आणली, पेवाच्या तोंडाशी जाऊन रडत रडत ओतली. ठमाबाईनं दोरानं सोडलेली टोपली खालून भरून वर यायची. जितका दाणा वर ओतला, तितका सगळा टोपलीत परत. त्यातला एक कण खाली राहत नसे. ठमाबाई तो शिजवून लेकरांना वाढायची आणि उरली घोटभर पेज सटवाजीसाठी पेवात सोडायची. पेज तशीच वर यायची.

पाटील मात्र दाराला कडी लावून बसला. त्याच्या माजघरातला आवाज तर थांबेचना. सुना घाबरून माहेरी गेल्या, गडी पळाले. पाटलानं जमिनीवर घोंगड्या अंथरल्या, पोती रचली, कानांत बोळे घातले. शेवटी तो तणतणत पेवापाशी आला आणि आत वाकून ओरडला, “सटवाजी, वर ये! माझ्या हाताखालचा चौगुला तू, मी हुकूम करतो!”

खालून आवाज आला, “पाटील, मी वर यीत न्हाई. तुमी खाली या. एकदा बघा.”

जन्मात पहिल्यांदा त्यानं पाटलाला नाही म्हटलं, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं. पाटलानं चिडून दिवा दोरीला बांधला आणि आत सोडला, आत काय चाललंय ते बघावं म्हणून. दिवा हातभर गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. जिथं दिवा जळत नाही तिथं हा माणूस बसलाय आणि बोलतोय! पाटील तिथंच मटकन बसला. मग उठला, घरी गेला, आणि त्यानं आपल्या हातानं बळदाचं, भिंतीतल्या धान्याच्या कोठीचं, दार फोडलं. राहीबाईच्या रानातला जोंधळा तिथं वर्षानुवर्षं साठला होता. लेकरांनी बैलगाडीसुद्धा लागू दिली नाही, ओच्यात, टोपीत, जमेल तसा वाहून आणला. भिकोबा गुरवानं देवळातलं भांडं आणून चुलीवर चढवलं, आणि स्वतः देवळाच्या दाराबाहेर बसून राहिला.

बाकीची लेकरं जगली. गेनू आणि त्याच्यासारखी आधी गेलेली परत आली नाहीत, ती कुठून येणार?

पुढं मृग बरसला, रानं हिरवी झाली, सुगी आली आणि पाडवा उगवला. राहीबाईच्या रानातला नवा जोंधळा पोत्यांत भरून सारं गाव वाजतगाजत पेवापाशी आलं. दुष्काळ सरला, तसा आवाज कधी बंद झाला ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. टोपली बरेच दिवस वर आली नव्हती. ठमाबाई तेवढी रोज काठाशी बसायची.

भागू पुढं झाली. तिनं पेवात तोंड घालून हाक मारली, “आबा, वर या. दाना आलाय. भरायचंय.”

उत्तर आलं नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. मग ठमाबाईनं मारली. मग पाटलानं, रडत. काही नाही. तोंड उघडं टाकून लोक बसून राहिले, ऊन उतरलं, आणि मग दिवा सोडला. विझला. दुसऱ्या दिवशी सोडला, विझला. महिना गेला, पाऊस येऊन गेला, पेवाचं तोंड उघडंच होतं, वारा आत खेळत होता, पण दिवा काही तगेना. जो उतरायला जाई त्याला घेरी येई. सटवाजी खाली आहे की नाही, ते कुणालाही बघता आलं नाही. कुणी म्हणतं, तो एका पहाटे वर येऊन हात धुवायला नदी शोधत निघून गेला. कुणी म्हणतं, तो तिथंच आहे. पाटील म्हणाला, “आता ह्यातच दाना वतू या.” भागू पेवाच्या तोंडावर आडवी पडली आणि म्हणाली, “बघितल्याबिगर वतायचं न्हाई.”

तेव्हा गावानं शेजारी नवं पेव खोदलं आणि त्यात दाणा भरला. जुनं पेव तसंच उघडं राहिलं. ठमाबाई पुढं मरेपर्यंत त्याच्या काठाशी बसत होती. ‘तुमास्नी भीड वाटली’ असं आपण का बोललो, याचा तिला फार त्रास झाला, असं म्हणतात. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं.

आजही सावरगव्हाणात बिनआईबापाच्या लेकरांचं पेव आहे. त्याला पंच आहेत. पंच म्हणून नाव निघालं की माणूस खूश होत नाही, त्या रात्री त्याच्या घरात भाकरी नीट खपत नाही. पाडव्याच्या सकाळी गाव जमतं. वाजंत्री नसते. पंच अनवाणी, डोईला काही न घालता नव्या पेवापाशी उभे राहतात, आणि गावातलं जे पोरकं लेकरू असेल, मुलगा असो की मुलगी, त्याला जुन्या पेवाच्या तोंडाशी नेतात. ते लेकरू आत वाकून विचारतं, “सटवाजीआबा, बघितलंस का?”

मग सगळे थांबतात. म्हातारेकोतारे कानाला हात लावून थांबतात. आजवर कधी उत्तर आलेलं नाही. उत्तर नाही, म्हणजे बघणारं दुसरं कुणी नाही, असं गाव समजतं. मग पंच दोराला हात घालतात आणि एकेक जण स्वतः खाली उतरतो.